सिडनीतला कोळी

प्रश्न: पुण्याहून सिडनीला आलोय, गॅरेजच्या भिंतीवर पंजाएवढा कोळी दिसला, मुलगी तीन वर्षांची आहे, झोपच उडालीय. काय करू?

उत्तर: ताई, एवढा मोठा, चपटा म्हणजे बहुतेक हंट्समन, तो झुरळं खातो, हात लावू नका पण मारूही नका. खरं जपायचं ते फनेल-वेब या विषारी कोळ्यापासून, काळा चकचकीत असतो, उन्हाळ्यात पावसानंतर नर फिरतात नि बाहेर ठेवलेल्या बुटात शिरतात, पूलमध्ये बुडालेला दिसला तरी जिवंत असू शकतो, म्हणून बूट झटकूनच घाला, मुलीचे तर आधी. चावलाच तर अख्ख्या हातापायाला घट्ट क्रेप बँडेज, अजिबात हलायचं नाही, लगेच ००० ला, म्हणजे इथल्या इमर्जन्सी नंबरला, फोन. रेडबॅक हा दुसरा विषारी कोळी चावला तर मात्र बँडेज नको, बर्फ लावा. फनेल-वेबवर १९८१ पासून अँटिव्हेनम, म्हणजे विषावरचा उतारा, आहे, तेव्हापासून त्याच्या चाव्याने कुणी दगावल्याची नोंद नाही, खरंच झोपा आता.