आवाज बंद का केलास?

घणसोलीहून एका धावपटूचं पत्र आलं आहे. वय 27, धाव 200 मीटरची, दोनदा राज्य विजेती, सर्वोत्तम वेळ 24.3 सेकंद. मांडीमागचा स्नायू तीनदा फाटला. आता एका मराठी वाहिनीने खेळांच्या कार्यक्रमाचं निवेदन देऊ केलंय, उत्तरासाठी एक महिना दिलाय. हे कळल्यापासून अकरा वर्षं शिकवणारे सर बोलेनासे झालेत. आईचं म्हणणं, सरांचं मन मोडू नकोस. ती विचारते: "ताई, सरांना कसं समजावू? एक सीझन अजून पळू का?" शेवटी, जाता जाता, एक ओळ: "वाहिनीच्या लोकांनी कॅमेरा टेस्टची क्लिप पाठवली, ती मी आवाज बंद करून पाहिली. ण-ळ बघा, असं ते म्हणाले होते. आमच्या घरी आगरी बोलतात."

बाळ, तुझ्या पत्राची दोन पानं सरांवर आहेत आणि खरी गोष्ट या शेवटच्या तीन वाक्यांत आहे. तुला बोलण्याचं काम मिळालंय आणि तू आवाज बंद करून स्वतःला पाहतेस. रेसचा व्हिडिओ बघावा तसं: खांदे सैल आहेत का, हनुवटी वर गेली का. हे बघायला तुला अकरा वर्षं शिकवलं. ऐकायला कोणीच शिकवलं नाही.

सरांचं आधी उरकते. अकरा वर्षांच्या शिष्येशी अबोला धरणाऱ्या मोठ्या माणसाची समजूत काढणं हे तुझं काम नाही. पळणं संपलंय हे तूच लिहिलंयस, त्या फाटलेल्या स्नायूच्या ओळीत. वाहिनीला होकार कळव. आणि आज ती क्लिप आवाज चालू करून, डोळे मिटून ऐक.

आवाज परका वाटेल, पातळ वाटेल. बोलताना आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, त्यामुळे तो भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतून आलेला असतो. जग तुला रोज तोच ऐकतं आणि त्यांचं काही बिघडलेलं नाही.

आता ण आणि ळ. आगरीत ळ चा ल होतो, ण चा न होतो. ही चूक नव्हे, बोलीचा नियम आहे, आणि आईशी बोलताना त्याला हात लावू नकोस. वाहिनीच्या संहितेत मात्र ण-ळ लागतात. गल्लीत चप्पल, ट्रॅकवर स्पाइक्स, इतकंच आहे ते. ल म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकतं. ळ साठी तेच टोक मागे वळवून टाळूला लावायचं आणि पुढे सोडायचं. ण ची जागाही तीच, फक्त आवाज नाकातून. आरशासमोर सावकाश म्हण: वल-वळ, वन-वण, दहादा. मग तुझ्याच शर्यतीचे शब्द घे. मैदानावर सगळे कर्व्ह आणि स्ट्रेट म्हणतात, मराठी निवेदनात ते वळण आणि सरळ मार्ग होतात. बघ, तुला नकोसे वाटणारे दोन्ही उच्चार तुझ्याच 200 मीटरमध्ये बसलेत! "वळणावरून सरळ मार्गावर" हे रोज वीस वेळा म्हण. घाईत म्हणशील तर जीभ जुन्या जागी जाईल, म्हणून पहिला आठवडा अर्ध्या वेगाने.

दुसरी अडचण तुझ्या शरीरात मुरलेली आहे आणि टेस्टमध्ये तिनेही त्रास दिला असणार. बंदुकीआधीचा "सेट" हा इशारा ऐकला की धावपटू श्वास रोखतो. कॅमेऱ्याच्या इशाऱ्यालाही तू तेच करणार: खांदे वर, श्वास अडकलेला, आणि पहिलं वाक्य चिरक्या पट्टीत. इशाऱ्याआधी श्वास पूर्ण सोड, पोटातून अर्धा घे, मग तोंड उघड. इथे शर्यतीसारखं बंदुकीनंतर 0.100 सेकंदाच्या आत हललीस तरी कोणी बाद करत नाही, आणि अर्धा सेकंद उशीर झाला तरी चालतो.

तिसरी, कानातला आवाज. निर्माता कानात उलटी गिनती करत असतो, दहा, नऊ, आठ, आणि तुला बोलत राहून शून्यावर वाक्य संपवायचं असतं. बंदुकीच्या आवाजाला झेप घ्यायची सवय असलेलं अंग प्रत्येक आकड्याला दचकतं. एका कानात हळू आवाजात बातम्या लाव आणि वर्तमानपत्र मोठ्याने वाच, तीन मिनिटं. पहिले चार दिवस तू बातमीतलाच शब्द वाचून मोकळी होशील. सगळ्यांचं होतं.

आता तुझ्याकडे काय आहे ते ऐक. 200 मीटर सुरू होताना टीव्हीवर आठव्या लेनमधली मुलगी सगळ्यांच्या पुढे दिसते आणि घरोघरी लोक तिलाच पहिली समजतात. पहिल्या लेनच्या मानाने दुसरी साडेतीन मीटर पुढून सुटते, आठवी साडेसव्वीस मीटर पुढून, कारण बाहेरचं वळण लांब. खरा क्रम वळण संपल्यावरच दिसतो. वाऱ्याचंही तसंच: 200 मीटरला तो पहिली धावपटू सरळ मार्गावर आल्यापासून 10 सेकंद मोजतात, आणि सेकंदाला 2 मीटरच्या वर पाठीवर असेल तर विक्रम धरत नाहीत. सरस्वती साहाचा 200 मीटरचा 2002 चा 22.82 सेकंदांचा भारतीय विक्रम सांगताना हे एका वाक्यात बसवणारी निवेदिका मराठीत हवीच आहे. मायकल जॉन्सन 200 मीटर 19.32 आणि 400 मीटर 43.18 सेकंदांत पळून बीबीसीवर बसला, धावपटू ॲटो बोल्डन अमेरिकेच्या एनबीसीवर, ब्रिटनची जनेट क्वाक्ये 2008 च्या बीजिंगची 100 मीटर अंतिम फेरी धावून निवेदनात आली. ऐकणाऱ्याला कळतं की या माणसाच्या पायांना हे ठाऊक आहे.

पण मोजून बोलावं लागतं. मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द म्हणजे सेकंदाला दोन. तुझ्या 24 सेकंदांत पन्नासच शब्द बसतात, आणि त्यातले शेवटच्या 30 मीटरचे दहा राखून ठेवायचे. लेनबद्दल आधी बोलून घे. वळणावर फक्त नावं.

रोज एक मिनिटाचं रेकॉर्डिंग, 21 दिवस, चित्राशिवाय. त्यानंतर ठाण्याच्या मैदानावर पुढची जिल्हा स्पर्धा असेल तेव्हा आयोजकांकडे माइक माग. शर्यती पुकारायला माणूस त्यांना नेहमीच कमी पडतो. सर तिथे असतीलच, स्टॉपवॉच घेऊन. त्यांच्याजवळ जाऊन काही बोलू नकोस. त्यांच्याच मुलींची नावं, लेन आणि वेळ माइकवरून नीट पुकार.

पहिलं रेकॉर्डिंग आज रात्री. मोबाइल हातभर लांब ठेव, कपड्यांच्या उघड्या कपाटाकडे तोंड करून बोल म्हणजे घुमणार नाही, आणि पंखा बंद कर.