"मशीन करस का डाक्टर?"

पारोळ्याहून तुम्ही विचारलंय की आईचे दोन्ही गुडघे बदलायचे आहेत, नाशिकला रोबोटिक सुचवलंय, खर्च जास्त आहे आणि आई एकच विचारते, "आपरेशन मशीन करस का डाक्टर?"

आईला सांगा, डाक्टरच करस. मशीन मापं काढतं आणि काप कुठे घ्यायचा ते दाखवतं; काही मशीन हाड कापतातही, पण सर्जनने ठरवलेल्या आराखड्यानुसार आणि त्यांच्या देखरेखीखाली. मी 18 वर्षं हाडांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये टेक्निशियन होतो, शेवटची काही वर्षं याच मशीनशेजारी.

हे काही कालचं खूळ नाही. खुब्यासाठी अमेरिकेत 1992 लाच रोबोट वापरला गेला, गुडघ्यात काप कुठे घ्यायचा ते दाखवणारा संगणक फ्रान्समध्ये 1997 ला. आता काही मशीनना आधी सीटी स्कॅन लागतो, काही ऑपरेशनच्या टेबलावरच हाडावरचे बिंदू टिपून नकाशा बनवतात. स्कॅनवाल्यात कंपनीचा माणूस कच्चा आराखडा करून आणतो आणि सर्जन त्यात फेरफार करतात. एकही आकडा न बदलता 'ओके' म्हणणारे सर्जन मला कधी फारसे पटले नाहीत.

खरी गंमत टेबलावर असते. मांडीच्या आणि नडगीच्या हाडात पिना बसवून त्यांवर ट्रॅकर, म्हणजे हाड नेमकं कुठे आहे ते मशीनला कळवणाऱ्या खुणा, लावतात. सर्जन पाय सरळ ठेवून, मग वाकवून दोन्ही बाजूंनी ताणतात आणि पडद्यावर दोन हाडांमधली फट दिसते : आत 17 मिलिमीटर, बाहेर 20. म्हणजे आतली बाजू आवळलेली, आपल्याकडच्या धनुष्यासारख्या वाकलेल्या पायांत नेहमीचंच. आता आतल्या बाजूचे, हाडांना बांधून ठेवणारे बंध सैल करायचे की हाडाचा काप एखाद्या अंशाने बदलायचा? करवत लावायच्या आधी दोन्हींचा परिणाम पडद्यावर दिसतो. पण पाय अगदी 180 अंशांत सरळ करायचा की मूळ ठेवणीच्या जवळ ठेवायचा, यावर सर्जनांचंच एकमत नाही, तिथे मशीन काय सांगणार?

एकदा एका आजीच्या ठिसूळ हाडातली पिन हलली. पडद्यावरचे आकडे एकदम झकास. सरांनी गुडघा हातात घेऊन वाकवला आणि म्हणाले, "हे खोटं बोलतंय." हाडावरची खूण तपासली तर 4 मिलिमीटरचा फरक. मशीन बाजूला सारलं, उरलेलं जुन्या जिगवर, म्हणजे करवतीला वाट दाखवणाऱ्या धातूच्या साच्यावर, केलं. म्हणून तुमच्या सर्जनना हे नक्की विचारा : मशीन मध्येच अडलं तर पुढे काय करता?

काप जास्त अचूक येतात, हे खरं. पण पुढे चालण्या-दुखण्यात साध्या ऑपरेशनपेक्षा मोठा फरक आजवरच्या चाचण्यांत दिसलेला नाही. कर्ज काढून रोबोटच हवा, असं मी म्हणणार नाही. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीवर ऑगस्ट 2017 पासून सरकारी मर्यादा आहे, मशीनचा खर्च त्यात धरलेला नाही. बिलात दोन्ही वेगळे लिहून मागा.

आणि आई भाकरी खाली बसून थापते की ओट्याशी उभी राहून, शेतात जाते का, घरातला संडास कसा आहे, हे सगळं आराखडा ठरायच्या आधी सर्जनना सांगा. स्कॅनमध्ये यातलं काही येत नाही.