लॅप्रोस्कोपीसाठी मुलीची एफडी मोडू का?

मुलुंडच्या एका वाचकाचं पत्र आहे. पत्नी ३४ वर्षांची, आठ महिने पोटात उजवीकडे खाली दुखतंय. दोन सोनोग्राफी आणि एक सीटी स्कॅन होऊनही ठोस काही सापडलं नाही. सर्जन म्हणतात, दुर्बिणीतून आत बघू, म्हणजे लॅप्रोस्कोपी करू. खासगी हॉस्पिटलचं एस्टिमेट १,६०,००० रुपये. ऑफिसची ३ लाखांची मेडिक्लेम आहे. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली ४ लाखांची दोन वर्षांची एफडी पाच महिन्यांनी पूर्ण होतेय. मेव्हणे म्हणतात, आधी स्वतःची १० लाखांची पॉलिसी घ्या, मग ऑपरेशन करा.

मेव्हण्यांनी काळजीपोटीच सुचवलंय, पण तसं करू नका. नव्या पॉलिसीच्या अर्जात हे दुखणं सांगावंच लागेल, आणि आधीपासूनच्या आजारासाठी कंपनी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. लपवलंत तर क्लेमच्या वेळी जुने सोनोग्राफी रिपोर्टच तुमच्याविरुद्ध उभे राहतील. तोवर वहिनींनी दुखणं किती सोसायचं?

खरी मेख ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये आहे. आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसींत एक ठरलेलं कलम असतं: केवळ तपासणीसाठी ॲडमिट झालात तर खर्च मिळणार नाही. लॅप्रोस्कोपी नेमकी या कलमाच्या सीमेवर बसते. पूर्ण भूल देतात, कार्बन डायऑक्साइडने पोट फुगवतात, बेंबीजवळच्या छोट्या छेदातून कॅमेरा आत जातो. सीटीवर न दिसणारे, आतले अवयव एकमेकांना चिकटवणारे पडदे, एंडोमेट्रिओसिसचे (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याच्या आजाराचे) बारीक ठिपके, पोटातल्या टीबीचे दाणे तिथे दिसू शकतात. अपेंडिक्स खराब निघालं तर त्याच बैठकीत काढतात, म्हणजे तपासणीचा उपचार होतो. काहीच निघालं नाही, तर मात्र क्लेम अडण्याची शक्यता खरी आहे.

म्हणून सर्जनना सांगा, ॲडमिशनच्या कागदावर त्यांच्या मनात आहे ते सगळं लिहा: आठ महिन्यांचं दुखणं, आधीच्या तपासण्या, कशाचा संशय आहे, आणि सापडल्यास त्याच वेळी काय करणार. जे आहे तेच लिहायचं, वाढवून काही नको. ऑपरेशनच्या आधीच कॅशलेसची मंजुरी मागवा. २०२४च्या नियमानुसार कंपनीने तासाभरात उत्तर द्यायचं असतं. नकार आला तर लेखी घ्या. कंपनीकडे तक्रार करून दाद लागली नाही, तर मुलुंडकरांसाठी ठाण्याला विमा लोकपालांचं कार्यालय आहे. तिथे फी लागत नाही.

खोलीकडे नीट बघा. तुमच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा रोजची ३,००० आहे आणि एस्टिमेट ६,००० च्या खोलीचं आहे. अशा वेळी भाड्यातला फरक तर खिशातून जातोच, शिवाय पॉलिसीत प्रमाणात कपातीची अट असेल तर सर्जन, भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटरच्या बिलांचेही निम्मेच पैसे मिळतात. दोन पेशंटांच्या शेअरिंग खोलीचं एस्टिमेट मागा. दोन आकडे मागा: नुसतं बघण्याचा, आणि काही करावं लागलं तर त्याचा. पोट उघडावं लागलं तर किती, हेही विचारा.

पैसे कुठून आणायचे? क्लेम मिळणारच नाही असं धरून तयारी ठेवा. पण एफडी मोडू नका, तिच्यावर कर्ज घ्या. बँक साधारण एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त लावते. दीड टक्का धरला तर १,६०,००० वर पाच महिन्यांचा जादा भार सुमारे १,००० रुपये पडतो, कारण एफडी व्याज मिळवतच राहते. मोडलीत आणि बँकेने १ टक्का दंड लावला, तर १९ महिन्यांत ६,००० च्या वर जातील. सोनं गहाण टाकायची गरजच नाही.

पैसे भरण्याआधी दुसऱ्या सर्जनचं मत घ्या. भूल आणि आतड्याला इजेचा धोका थोडा का होईना, असतोच. मुलुंडहून लोकलने सायनला उतरलात की लोकमान्य टिळक रुग्णालय जवळच आहे. पालिकेच्या रुग्णालयाचं नाव काढलं की घरी नाकं मुरडली जातात, पण सर्जन डॉ. तेहमटन उडवाडियांनी १९७२ साली आपल्याकडे लॅप्रोस्कोपी सुरू केली ती भायखळ्याच्या सरकारी जे. जे. रुग्णालयात. अशा रुग्णालयांत रांग आणि तारीख लागते, खर्च मात्र फार कमी.

माझ्या मामींनी दोन वर्षं गॅसच्या गोळ्या खाल्ल्या. सोनोग्राफ्यांचा, स्पेशालिस्टांचा खर्च शेवटी मीच बेरीज करून पाहिला, तो दुर्बिणीच्या ऑपरेशनपेक्षा जास्त निघाला. ऑपरेशनमध्ये पोटाचा टीबी सापडला, आणि त्याची औषधं सरकारकडून मोफत मिळाली. वेळ आणि पैसा दोन्ही गेले ते थांबण्यात.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नव्हती: वहिनींना काय वाटतं? अंडाशयावर गाठ निघाली तर तेव्हाच काढायची की शुद्धीवर आल्यावर ठरवायचं, हे त्यांनी सर्जनसमोर बसून आधी सांगायला हवं. संमतीपत्रावर सही त्यांची असते, आणि ‘काही करावं लागलं तर’ हा एस्टिमेटचा दुसरा आकडाही त्यांच्या निर्णयावरच ठरेल.