घरामागच्या मोकळ्या जागेत लाकडी डेक आणि दगडी फरशी दोन्ही एकत्र करता येतं का? खान्देशच्या उन्हात लाकूड टिकतं का?

करता येतं, आणि टिकतं पण.

तुम्ही लिहिलंय की धुळ्याला घरामागे 30 बाय 20 ची जागा आहे, काळी माती आहे, अर्ध्यात लाकूड आणि अर्ध्यात फरशी असं मनात आहे, पण घरातले आणि शेजारचे सगळे म्हणताय की आपल्याकडे लाकूड टिकत नाही, पेव्हर (सिमेंटचे ठोकळे) टाका आणि मोकळे व्हा. हे "आपल्याकडे लाकूड टिकत नाही" मी लग्न होऊन अमळनेरला आले तेव्हापासून ऐकतेय, म्हणून लिहायला बसले.

माझं माहेर नवापूरचं. वडील लाकडाच्या वखारीत हिशेब लिहायचे, त्यामुळे साग कोणता आणि तिवस कोणता हे आम्हा भावंडांना पाढे पाठ व्हायच्या आधीपासून कळायचं. आणि खान्देशात लाकूड टिकत नाही म्हणणाऱ्याने एकदा कुठल्याही जुन्या धाब्याच्या घरात जाऊन यावं. वर मातीचं धाबं, त्याचं एवढं वजन, खाली सागाचे खांब आणि सर (आडव्या तुळया), मे महिन्यात 44-45 डिग्री, आणि खांब जसेच्या तसे उभे. कारण प्रत्येक खांबाखाली दगडाचा तळखडा आहे. लाकूड मातीला लागतच नाही. तुम्ही जे डेक आणि दगड एकत्र करायचं विचारताय ते आपल्या जुन्या लोकांनी आधीच करून ठेवलंय, खाली दगड आणि वर लाकूड, बस.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. नवापूरचं जुनं घर पाडलं तेव्हा भावाने त्यातल्या सागाच्या फळ्या आणि खांब मला दिले, म्हणाला तू काहीतरी कर याचं. मला मागच्या आंगणात बसायला लाकडी ओटा हवा होता, संध्याकाळी बाज टाकता येईल, उन्हाळ्यात बिबडे-कुरडया वाळत घालता येतील असा, आणि बाकी जागेत शहाबादी. आमचे थोरले जेठ, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, त्यांचं म्हणणं होतं की लाकूड बाहेर टाकलं म्हणजे उधईला (वाळवीला) जेवण, सगळं काँक्रीट करून टाका. शेवटी मधला मार्ग म्हणून काम एका ठेकेदाराला दिलं. त्याने काय केलं, काळी माती वरच्यावर सारखी केली, खांबांचे तुकडे खड्ड्यात उभे करून बाजूने काँक्रीट ओतलं, वर फळ्या ठोकल्या, आणि शहाबादी थेट डेकच्या कडेला घट्ट भिडवून सिमेंटने जाम केली. मी तिथे उभी राहून सांगत होते की खांब गाडू नका, मुरूम टाका, तर म्हणे ताई आमचं रोजचं काम आहे.

पहिल्या पावसाळ्यात पाणी डेकखाली जाऊन बसलं, त्याला बाहेर पडायला जागाच ठेवली नव्हती. काळी माती पाणी पिऊन फुगली. मग उन्हाळ्यात तीच माती हात जाईल एवढी भेगाळली, डेकची एक बाजू खाली बसली, फरश्या डुगडुगायला लागल्या, सिमेंटचे जोड सगळे उकलले. पुढच्या पावसाळ्यापर्यंत दोन खांब बुडातून कुजले आणि उधई लागली. झालं, अख्ख्या घराने निकाल दिला की बघा, लाकूड! एकानेही मातीचं नाव घेतलं नाही, पाण्याचं घेतलं नाही, ठेकेदाराचं तर नाहीच.

मग एक म्हातारे मिस्तरी आले, त्यांनी आंगणात फिरून पहिला प्रश्न विचारला, "पानी कथा जाई?" म्हणजे पाणी कुठे जाणार? इतक्या दिवसांत हा प्रश्न विचारणारा तो पहिला माणूस. त्यांनी डेक उचलला तेव्हा सगळ्यांसमोर दिसलं की फळ्या ठणठणीत, खांब वरून ठणठणीत, फक्त काँक्रीटमध्ये गाडलेलं टोक कुजलेलं. काँक्रीटमधल्या लाकडाच्या बुडाशी पाणी साचून राहतं आणि त्याला सुकायला वाव नसतो, म्हणून ते कुजतं. कुजलेली टोकं कापली, आणि काळ्या पाषाणाचे तळखडे करून त्यावर तोच साग पुन्हा उभा केला. आजही उभा आहे. अप्पा अजूनही म्हणतात की पेव्हर टाकले असते तर हा व्यापच झाला नसता. अप्पा, त्या मातीवर पेव्हरसुद्धा उचलले गेले असते!

आता तुमचं. सगळ्यात आधी काळी माती दीड-दोन फूट काढा आणि मुरूम भरा, एकदम नाही, सहा-सहा इंचाचे थर, प्रत्येक थराला पाणी आणि रोलर नाहीतर धुमस. लोक इथेच पैसे वाचवतात आणि मग वर भारीतलं लाकूड टाकून फोटो काढतात. उतार घरापासून लांब, 10 फुटाला दीड इंच, आणि तो डेकखालच्या जमिनीलाही द्यायचा, तिथे दिसत नाही म्हणून कोणी देत नाही. आधी फरशीचं काम, पाणी कुठे जातंय ते बादल्या ओतून बघा, मग लाकूड. उलट क्रमाने कोणी सुचवलं तर त्याला काम देऊ नका.

डेक आणि फरशी जिथे भेटतात ती जागा म्हणजे खरं काम आहे. दोघांना एकमेकांना बांधू नका. फरशी मातीबरोबर थोडी हलणार, लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगणार आणि उन्हाळ्यात आक्रसणार, दोघांची चाल वेगळी. आमच्याकडे मध्ये नऊ इंचाचा खडीचा पट्टा आहे, डेकची शेवटची फळी त्याच्यावर इंचभर पुढे आलेली, पाणी खडीत पडतं आणि खालच्या नालीतून बाहेर जातं. डेक घराच्या भिंतीलाही चिकटवायचा नाही, जोत्यातली डीपीसी, म्हणजे ओल अडवणारा थर, झाकली की ओल थेट भिंतीत चढते. उंबऱ्यापेक्षा चार इंच खाली ठेवा.

फळ्या उन्हाळ्यात ठोकत असाल तर मध्ये 5-6 मिलिमीटर फट सोडा. इंचाच्या फळीला खालचे दांडे 16 इंचावर, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, साधा खिळा गंजला की सागावर काळे डाग पडतात. डेकखाली फूटभर मोकळं असू द्या म्हणजे हवा खेळते, आणि एक फळी उघडता येईल अशी ठेवा, कारण आपल्याकडे विंचू आणि साप हा काही कल्पनेतला विषय नाही, आत झाडता आलं पाहिजे, आणि उधईने तळखड्यावरून मातीची नळी चढवली तर ती डोळ्याला दिसली पाहिजे.

दगड म्हणाल तर पॉलिश केलेला कोटा बाहेर नकोच, पावसात घसरतो. काळा पाषाण मजबूत, पण मे महिन्यात दुपारी त्याच्यावर पाय ठरत नाही, म्हणून जिथे अनवाणी चालायचं तिथे खरबरीत शहाबादी. आणि सगळी 600 स्क्वेअर फूट झाकू नका हो. निंबाचं झाड असेल तर बुंध्याभोवती तीन फूट माती उघडी ठेवा. चार बाय चारचा एक तुकडा मुद्दाम मातीचाच ठेवा, डेकपासून लांब, हिवाळ्यात भरीताची वांगी काड्यांवर भाजायला. शहाबादीवर थेट जाळ केला की ती तडकते, आणि डेकजवळ ठिणग्या उडाल्या तर काय होईल ते सांगायला नको. माझ्या मते एक भाग लाकूड आणि दोन भाग दगड-माती एवढं पुरे, डेक घराच्या पूर्वेला आला तर उत्तम, दुपारनंतर घराचीच सावली मिळते.

खर्चाचं विचारलंय, त्याचा आकडा टाकत नाही, साग नवा घेताय की जुन्या घराचा यावरच सगळं फिरतं. पण कोटेशन घेताना मुरूम-खोदाई, फरशी आणि लाकूड तिन्ही वेगवेगळं लिहून मागा, सगळं मिळून एक स्क्वेअर फुटाचा भाव देणारा मुरमातच खाणार.

आणि हो, डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेल्या फळ्या, घ्यायचा विचार असेल तर मी म्हणेन नको. उधई त्याला सहसा लागत नाही हे खरं, पण आपल्या उन्हात ते लाकडापेक्षा जास्त तापतं, गडद रंगाचं तर फारच. रेल्वेचे जुने स्लीपर स्वस्तात मिळतात म्हणून कोणी सुचवेल, त्यातल्या बऱ्याच स्लीपरना क्रिओसोट (डांबरातून काढलेलं तेल) पाजलेलं असतं, उन्हात ते पाझरतं आणि अंगाला लागणं चांगलं नाही, बसायच्या जागेला वापरू नका. सागाला वर्षातून एकदा, दिवाळीनंतर, बेलतेल (जवसाचं तेल) द्या, पण तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेतात, पसरून वाळवा आणि मगच फेका. आणि तुमची जागा रस्त्यापेक्षा खाली असेल, पावसाळ्यात बाहेरचं पाणी आत येत असेल, तर आधी भराव करा, तोपर्यंत डेकचा विचारच करू नका, तळखडेसुद्धा तिथे काही करू शकणार नाहीत.