स्पायरोमीटरवर तीन वेळा फुंकल्यावर तीन वेगळे आकडे आले, तर खरा कोणता मानावा?

शरीरक्रियाशास्त्राच्या प्रात्यक्षिकात पाण्याच्या स्पायरोमीटरवर, म्हणजे श्वासातली हवा मोजणाऱ्या उपकरणावर, तुमची व्हायटल कपॅसिटी 3.1, 3.4 आणि 3.6 लिटर आली. नोंदवहीत सरासरी लिहावी की सर्वांत मोठा आकडा, आणि रेसिड्युअल व्हॉल्यूम, म्हणजे पूर्ण उच्छ्वासानंतरही फुप्फुसात उरणारी हवा, याच उपकरणाने का मोजता येत नाही, असे तुम्ही विचारले आहे. ही प्रात्यक्षिके मी बरीच वर्षे घेत आलो आहे आणि पहिला प्रश्न जवळजवळ प्रत्येक तुकडीत निघतो.

सरासरी लिहू नका. उंची मोजताना चूक कमी-जास्त अशा दोन्ही बाजूंना होते, त्यामुळे सरासरी काढल्यावर ती बरीचशी भरून निघते. व्हायटल कपॅसिटी म्हणजे छाती पूर्ण भरून घेतल्यावर जास्तीत जास्त जेवढी हवा बाहेर टाकता येते तेवढी, आणि तिच्या मोजणीतल्या नेहमीच्या चुका एकाच दिशेच्या असतात: श्वास अपुरा घेतला जातो, ओठांच्या कडेने हवा निसटते, नाकाला चिमटा लावायचा राहतो, किंवा शेवटची दोन-तीनशे मिलिलिटर हवा निघायच्या आतच माणूस थांबतो. फुप्फुसात नसलेली हवा मात्र कोणी जोर लावून बाहेर काढू शकत नाही. म्हणून निर्दोष प्रयत्नांतला सर्वांत मोठा आकडा सत्याच्या सर्वांत जवळचा असतो. फुंकताना मध्येच नाकाने पुन्हा श्वास घेतला तर आकडा फुगतो, पण तो प्रयत्न मुळात बादच धरायचा असतो.

तरीही 3.6 लिहून मोकळे होऊ नका. सर्वांत मोठ्या दोन आकड्यांतला फरक 150 मिलिलिटरपेक्षा जास्त नसावा, अशी रूढ अट आहे आणि तुमच्या आकड्यांत तो 200 आहे. थोडी विश्रांती घेऊन चौथा प्रयत्न करा, आणि तोही आधीच्याच स्थितीत, कारण आडवे झाल्यावर हा आकडा कमी येतो. तुमची तुलना शेजारच्या विद्यार्थ्याशी करायची असेल, तर उंची लक्षात घ्यावी लागेल. जॉन हचिन्सन यांनी 1846 मध्ये दोन हजारांहून अधिक माणसांची मोजमापे प्रसिद्ध केली, तेव्हाच उंचीबरोबर ही क्षमता वाढत जाते हे त्यांना स्पष्ट दिसले होते.

विद्यार्थी सर्वांत जास्त विसरतात ती तापमानाची दुरुस्ती. फुप्फुसातली हवा 37 अंशांची आणि बाष्पाने संपृक्त असते. उपकरणात शिरल्यावर ती थंड होते, आकसते आणि तिच्यातले काही बाष्प पाणी होऊन जाते. उपकरणाचे तापमान 25 अंश असेल, तर वाचलेल्या आकड्याला सुमारे 1.075 ने गुणावे लागते, म्हणजे 3.6 चे 3.87 लिटर होतात. ही वाढ तुमच्या शेवटच्या दोन प्रयत्नांतल्या फरकापेक्षाही मोठी आहे, याकडे कृपया लक्ष द्या.

आता दुसरा प्रश्न. स्पायरोमीटर फक्त आत-बाहेर होणारी हवा मोजतो, आणि कितीही जोराने उच्छ्वास केला तरी प्रौढ माणसाच्या फुप्फुसात साधारण 1 ते 1.2 लिटर हवा उरतेच. ती बाहेर येत नसल्याने आडवाटेने मोजावी लागते, आणि त्यासाठीची हेलियमची रीत मला फार सुंदर वाटते. समजा, बंद उपकरणात 3 लिटर हवा आहे आणि तिच्यात 10 टक्के, म्हणजे 0.3 लिटर हेलियम आहे. साधा उच्छ्वास संपताच माणसाला त्या उपकरणाशी जोडले जाते. तो काही मिनिटे शांतपणे श्वास घेत राहतो, सोडा लाइम कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि खर्च होणारा ऑक्सिजन बाहेरून पुरवला जातो. हेलियम रक्तात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे तो तेवढाच राहतो, फक्त पसरतो. त्याचे प्रमाण 6 टक्क्यांवर स्थिरावले, तर एकूण जागा 0.3 भागिले 0.06, म्हणजे 5 लिटर झाली. त्यांतली 2 लिटर फुप्फुसाची. ही फंक्शनल रेसिड्युअल कपॅसिटी, म्हणजे साध्या उच्छ्वासानंतर फुप्फुसात असलेली हवा. साध्या उच्छ्वासानंतरही जोर लावून जी हवा काढता येते, ती एक लिटर भरली असेल, तर उरलेली एक लिटर हा रेसिड्युअल व्हॉल्यूम, हे तुमचे उत्तर.

ज्यांच्या फुप्फुसाच्या काही भागांत हवा अडकून पडते, त्यांच्या बाबतीत मात्र हेलियम तिथवर पोहोचत नाही आणि उत्तर खोटे कमी येते. तेथे माणसाला बंद पेटीत बसवून बॉइलच्या नियमाने (दाब वाढला की हवेचे आकारमान त्याच प्रमाणात घटते) मोजणारा बॉडी प्लेथिस्मोग्राफ वापरतात, कारण त्यात अडकलेली हवाही मोजली जाते.