वाचकांचे प्रश्न : टॉवर बंद असताना फोनवरून फोनवर व्हिडिओ

प्रश्न : पुरात टॉवर बंद पडले तर वाटेत भेटणाऱ्या फोनांनीच व्हिडिओ पुढे न्यावा, असं अ‍ॅप आम्ही कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी करतोय. १ मिनिटाचा, १२ एमबीचा एमपी४ ब्लूटूथवर दरवेळी अर्धवट राहतो आणि आला तेवढाही उघडत नाही. काय चुकतंय?
– एक विद्यार्थी, चिपळूण

उत्तर : आधी हिशेब करा. समोरासमोरून चालत गेलेल्या दोघांचे फोन २० सेकंद टप्प्यात राहिले असं धरू. त्यातले ८ एकमेकांना शोधून जोडणी होण्यातच गेले, तर उरलेल्या १२ सेकंदांत, सेकंदाला १ मेगाबिटने, दीड एमबी जातं. त्यात १२ एमबी कुठून बसणार?

उघडत नाही त्याचं कारण वेगळं. कॅमेरा अ‍ॅप एमपी४ची अनुक्रमणिका बहुधा फाइलच्या शेवटी लिहितं. शेपूट राहिलं की प्लेअर हात टेकतो. म्हणून पाठवण्याआधी एफएफएमपेग या व्हिडिओ बदलण्याच्या प्रोग्रामने ३६० पी, सेकंदाला १५ फ्रेम, चित्राला सेकंदाला ३०० आणि आवाजाला ३२ किलोबिट एवढं उतरवा. दर ६० फ्रेमला की-फ्रेम (आधीच्या फ्रेमवर न विसंबणारं पूर्ण चित्र) सक्तीची करून ४-४ सेकंदांचे एमपीईजी-टीएस या फॉरमॅटचे तुकडे पाडा. १५ तुकडे होतील, प्रत्येकी पावणेदोनशे केबीच्या आसपास, आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे चालेल. एका भेटीत आठेक तुकडे सहज जातात.

इथे एक खोच आहे. सगळ्यांना पहिल्या तुकड्यापासूनच पाठवलंत, तर गावभर १ ते ८ फिरत राहतील आणि ९ ते १५ तुमच्याच फोनमध्ये बसतील. भेट झाली की आधी कोणाकडे काय आहे याच्या याद्या बदला, मग सर्वांत कमी वेळा दिलेला तुकडा आधी द्या. तुकड्याचा हॅश (मजकुरावरून काढलेला, बिघाड ओळखणारा आकडा) तपासूनच तो यादीत घ्या.

प्रश्न : भेटेल त्याला प्रत दिली तर?

उत्तर : लवकर पोचेल, पण सगळ्यांचे फोन भरतील आणि बॅटरी जाईल ती वेगळीच. २००५ साली मांडलेली 'स्प्रे अँड वेट' पद्धत प्रोजेक्टला पुरेशी आहे. प्रत्येक तुकड्याला ८ प्रतींचा कोटा द्या. भेटलेल्याला तुकड्यासोबत त्यातला ४ चा कोटा द्या, ४ चा स्वतःकडे ठेवा; पुढे तोही आपल्यातला निम्मा वाटेल. कोटा १ वर आला की तो तुकडा फक्त ज्याच्यासाठी पाठवलाय त्यालाच द्यायचा. सोबत १२ तासांची मुदत घाला, आणि पोचपावतीही अशीच पसरू द्या, म्हणजे पोचलेल्या तुकड्यांच्या प्रती वाटेतले फोन पुसून टाकतील. व्हिडिओ अनोळखी फोनांतून जाणार, तेव्हा एन्क्रिप्शन हवंच. थेट प्रक्षेपणाचा नाद मात्र सोडा. इथे उशीर मिनिटांत नाही, तासांत मोजतात.