बुद्धी बिघडलेली, मग कॉलेज कशाला काढलं?

प्रश्न: ताई, मी इंदूरच्या क्रिश्चियन कॉलेजात बीए करतेय, फिलॉसॉफी घेतलीय. सोळाव्या शतकातला ख्रिस्ती धर्मसुधारक कॅल्विन वाचताना कळलं की त्याच्या मते पापामुळे माणूस पूर्ण बिघडलाय, बुद्धीसकट. पण आमचं कॉलेज १८८७ मधे काढलं ते कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी, म्हणजे त्याच परंपरेतल्या लोकांनी. बुद्धीवर भरवसा नाही तर शिकवायला इतक्या लांब आले कशाला? आजोबांना विचारलं तर म्हणाले, श्रद्धा असली की प्रश्न विचारायचे नसतात.
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर: अगं, फार चांगलं विचारलंस. धर्मप्रसार हा त्यांचा हेतू होताच, पण कॉलेज काढणं कॅल्विनच्या विरुद्ध मुळीच नव्हतं, त्यानं स्वतः १५५९ मधे जिनिव्हात अकॅडमी काढली होती.

त्याचं म्हणणं असं की बिघाड माणसात सगळीकडे पोचलाय, मनात, इच्छेत, बुद्धीत, पण बुद्धी नाहीशी झालेली नाही. मग तो ज्ञानाचे दोन भाग करतो. राज्यकारभार, घर चालवणं, कारागिरी, शास्त्रं हे ह्या जगातलं, इथे बुद्धी छान चालते, आणि जुने कायदेपंडित, वैद्यकवाले, गणिती हे ख्रिस्ती नसले तरी त्यांना जे खरं सापडलं ते देवाच्या आत्म्याकडूनच आलंय, त्याला नाक मुरडणं म्हणजे त्या आत्म्याचाच अपमान, असं तो सरळ लिहितो. मला हे त्याचं सगळ्यात मोठं मन वाटतं. अन हे वरवरचं नाही, १५३२ मधे त्याचं पहिलं पुस्तक आलं तेच मुळी सेनेका ह्या जुन्या रोमन तत्त्वज्ञाच्या पुस्तकावरचं भाष्य होतं.

दुसरा भाग देवाविषयीचा, तिथे मात्र तो कडक होतो. देव आहे ही जाणीव प्रत्येकाच्या मनात कोरलेली आहे हे त्याला मान्य, पण देव आपल्यावर माया करतो का हे बुद्धीला आपलं आपण कळत नाही. रात्री रानातून जाणाऱ्याला वीज चमकली की क्षणभर लांबपर्यंत सगळं दिसतं, पण पाऊल टाकायच्या आत परत अंधार, तसं तत्त्वज्ञांचं होतं म्हणतो. सगळे त्याच्याइतके कडक नव्हते बरं का, झ्युरिकचा धर्मसुधारक झ्विंग्ली, त्यानं तर ख्रिस्ती नसलेल्या सॉक्रेटिसला स्वर्गात बसवलं, त्यावर जर्मनीतला सुधारक ल्यूथर जाम भडकला. आणि त्यांच्यातलाच एक धर्मपंडित, पीटर मार्टर व्हर्मिली, स्ट्रासबर्गमधे ॲरिस्टॉटलचं नीतिशास्त्र शिकवायचा.

आता आजोबांचं. त्यांचा मान राखून सांगते, कॅल्विनला हे पटलं नसतं. काही न समजता चर्च म्हणेल ते मानायचं, ह्यावर तो तुटून पडतो, त्याच्या मते श्रद्धा अज्ञानावर नाही तर ज्ञानावर उभी असते, देवाच्या कृपेचं पक्कं, खात्रीचं ज्ञान म्हणजेच श्रद्धा. फक्त हे ज्ञान माणूस स्वतः कमावत नाही, पवित्र आत्मा देतो.

मला जिथे अडतं ते पुढे, १६१८-१९ मधे हॉलंडातल्या डॉर्टला कॅल्विनच्या परंपरेतल्या चर्चची सभा भरली, तिथे. त्या सभेत ठरलं की माणसात निसर्गाचा प्रकाश, म्हणजे जन्मजात समज, थोडा उरलाय, पण माणूस तोही नीट वापरत नाही, अगदी रोजच्या व्यवहारातसुद्धा. वैद्यांचं नि गणितींचं इतकं कौतुक वाचल्यावर हे मला जड जातं.

कॅल्विनच्या मुख्य ग्रंथाची, ‘इन्स्टिट्यूट्स’ची, १५३६ ची पहिली आवृत्ती ६ प्रकरणांची होती, १५५९ ची शेवटची ८० ची. तू सध्या शेवटच्या आवृत्तीतली दोनच प्रकरणं वाच, दुसऱ्या भागातलं दुसरं आणि तिसऱ्या भागातलं दुसरं, आणि अडलं तर परत लिही.